परीक्षाकालीन भय आणि ‘स्मृतीचे औषध’ : एक व्यावहारिक विचार

संक्रांत उलटली की आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत एक मागणी ठरलेली असते. मुलाची दहावी आहे, मुलीची बारावी आहे, स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या. मागणारे बहुधा आई किंवा वडील असतात. ज्याच्यासाठी औषध हवे तो विद्यार्थी त्या वेळी शिकवणीला गेलेला असतो. राज्य मंडळाने २०२५ साली आपल्या परीक्षा नेहमीपेक्षा सुमारे दहा दिवस अलीकडे आणल्या. त्या वर्षी बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीस व दहावीची २१ फेब्रुवारीस सुरू झाली. साहजिकच ही मागणीही अलीकडे सरकली आहे. परीक्षेला तीन-चार आठवडे उरलेले असताना, रुग्णाला न पाहता, केवळ नावावरून कल्प देण्याची ही प्रथा शास्त्राला धरून नाही आणि तिच्यात मुलाचे हितही नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मुलांपैकी बहुतेकांची स्मृती उत्तम असते. बिघडलेली असते ती झोप, अग्नी व मनाची स्थिरता. त्यामुळे चिकित्सा तेथूनच सुरू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही विचार मांडत आहोत.

भयाचे स्वरूप

परीक्षेपूर्वी थोडी धडधड होणे हा रोग नव्हे. यर्क्स व डॉड्सन या संशोधकांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, काम अवघड असेल तर उत्तेजना एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते. ती मर्यादा ओलांडल्यावर कामगिरी घसरते. पुढे १९६७ साली लीबर्ट व मॉरिस यांनी परीक्षाभयाचे दोन घटक वेगळे केले. पहिला मनात सतत चालणारा काळजीचा विचार, दुसरा शरीरावर उमटणारी लक्षणे. आपल्या परिभाषेत पहिल्यास चिंता व दुसऱ्यास भयजन्य वातप्रकोप म्हणता येईल. हा भेद केवळ पुस्तकी नाही. ज्या मुलाचे हातपाय गार पडतात पण मन शांत आहे, तो पहिले दोन प्रश्न सोडवून सावरतो. ज्याचे शरीर शांत दिसते पण मनात ‘आता सगळे संपले’ हेच चालू आहे, त्याचे लक्ष प्रश्नपत्रिकेवर टिकत नाही. म्हणून दोघांची चिकित्साही वेगळी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात अतिसाराचे प्रकार सांगताना भयज व शोकज असे दोन प्रकार स्वतंत्र सांगितले आहेत. त्यांची चिकित्सा वातहर असावी आणि तिच्या जोडीला रुग्णास हर्ष व आश्वासन द्यावे, असा तेथील अभिप्राय आहे. पेपरच्या सकाळी तीन वेळा शौचास जाणाऱ्या मुलाचे याहून नेमके वर्णन आम्हांस अन्यत्र आढळलेले नाही. विमानस्थानात तर असेही सांगितले आहे की, पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध, दुःखकर शय्या व जागरण यांमुळे ते पचत नाही. परीक्षेच्या महिन्यात यांतील निदान चार कारणे एकाच घरात एकत्र नांदत असतात. अशा वेळी बदाम, तूप व च्यवनप्राश यांचा मारा केल्यास आम वाढेल, मेधा वाढणार नाही.

रुग्णपरीक्षण

पालकांना दहा मिनिटे बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलावे, हा आमचा पहिला आग्रह आहे. आईसमोर मूल ‘बरे आहे’ एवढेच म्हणते. एकटे असताना झोपेची वेळ, चहाचे कप, रात्रीचा मोबाइल, न जमणारा विषय आणि घरातील बोलणी हे सर्व हळूहळू बाहेर येते. त्यानंतर प्रकृती, अग्नी, कोष्ठ, निद्रा व विमानस्थानात सांगितलेली सत्त्वपरीक्षा करावी. अवरसत्त्व मुलाला धाक दाखविणे हे त्याच्या व्याधीचे निदानच ठरते, हे पालकांना समजावून सांगावे लागते.

वातप्रधान मुलांत भय, कंप, अनिद्रा, मलप्रवृत्तीतील अनियमितता आणि पाठ असलेले ऐन वेळी न आठवणे दिसते. पित्तप्रधान मुलांत चिडचिड, शिरःशूल, अम्लोद्गार व दोन गुण गेले तरी अश्रू. तिसरा प्रकार कफप्रधान, ज्याला घरात ‘आळशी’ म्हणतात. त्याच्याबाबत एकच सांगावेसे वाटते की, आळशी हा शब्द केस पेपरवर लिहिण्यापूर्वी हिमोग्लोबिन व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि अवसाद नाही ना ते पाहावे. तसेच वारंवार डोके दुखणाऱ्या मुलाची दृष्टी तपासल्याशिवाय शिरःशूलाची चिकित्सा सुरू करू नये. चष्म्याचा नंबर वाढलेला असताना शिरोलेप देत राहणे हा वेळेचा अपव्यय आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा विचारावा : घरी पुस्तक मिटून विचारले तर उत्तर येते का? येत असेल तर ग्रहण व धारण ठीक आहे, केवळ स्मरणास भयाचा अडथळा आहे. येत नसेल तर अभ्यासाची पद्धतच चुकते आहे. या दोन्ही स्थितींत ‘स्मृतीचे औषध’ दुय्यम ठरते.

एक उदाहरण देतो. दहावीच्या एका विद्यार्थिनीची आई जानेवारीत आमच्याकडे आली. पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरला मुलीचे ‘डोके कोरे पडले’, म्हणून कोणीतरी सुचविलेला एक रसकल्प लिहून द्यावा, एवढीच तिची अपेक्षा होती. मुलीस बोलावून घेतले. वातपित्त प्रकृती, कृश शरीर. रात्री एकपर्यंत जागरण, दिवसातून चार वेळा चहा, सकाळचे खाणे जवळजवळ बंद. प्रत्येक पेपरच्या सकाळी दोन-तीन द्रव मलप्रवृत्ती. समोर बसवून विचारलेली प्रमेये मात्र तिने बिनचूक सांगितली. तिला हिंग्वाष्टक चूर्ण अर्धा ग्रॅम, तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर, दोन्ही वेळा दिले. पिण्यासाठी शुंठी-मुस्तासिद्ध जल. रात्री पादाभ्यंग, तोही आईच्या हातून. झोप साडेदहाला, चहा सकाळी एकच. औषध एवढेच. खरी चिकित्सा याहून वेगळी होती. रोज सकाळी ११ वाजता, घड्याळ लावून, शेजारच्या काकूंच्या घरी परक्या टेबलावर बसून तिने गणिताचा अर्धा पेपर सोडवावयाचा आणि वडिलांनी जेवताना ‘किती धडे झाले’ हे विचारावयाचे नाही. दुसरी अट पाळणे वडिलांना जड गेले, पण त्यांनी ती पाळली. तिसऱ्या आठवड्यात मलप्रवृत्ती बांधून होऊ लागली. प्रत्यक्ष परीक्षेच्या पहिल्या दिवशी एकदा त्रास झाला, पुढे नाही. गणिताचा पेपर तिने पूर्ण लिहिला. गुण किती मिळाले हा आमचा विषय नव्हता.

स्मृतीची आठ कारणे

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग व पुनःश्रुत. पदवी अभ्यासक्रमात आपण ही आठ नावे पाठ केली, गुण मिळविले आणि विसरलो. वस्तुतः विद्यार्थ्याला अभ्यास कसा करावा हे सांगण्यासाठी यांहून चांगली चौकट नाही.

कारणावरून कार्य आठवणे, आकृतीवरून वस्तू आठवणे, साम्यावरून व विरोधावरून आठवणे ही पहिली चार. इतिहासातील घटना तिच्या कारणासह, जीवशास्त्रातील भाग स्वतः काढलेल्या आकृतीसह आणि आम्ल-आम्लारी, धमनी-सिरा अशा जोड्या समोरासमोर मांडून शिकल्यास एक धागा तुटला तरी दुसरा हाती राहतो. मुलांना हे पाच मिनिटांत पटते.

अभ्यास या शब्दाचा मात्र फार गैरसमज झाला आहे. तोच धडा रंगीत पेनाने रेघा मारीत पाच वेळा वाचणे म्हणजे अभ्यास नव्हे. विमानस्थानात जी अध्ययनविधी वर्णिली आहे तिच्यात सूत्रे पुनःपुन्हा म्हणणे, अर्थ समजून घेणे व आपले दोष काढून टाकणे यांवर भर आहे. हे सारे ग्रंथाकडे न पाहता करावयाचे आहे. रोडिगर व कारपिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हेच दिसून आले. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो न पाहता आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. गमतीचा भाग असा की, पाच मिनिटांनंतर घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणूनच पुन्हा वाचण्याने मुलांना ‘झाले’ असे वाटते आणि परीक्षेत फसगत होते. तेव्हा मुलास सांगावे : वीस मिनिटे वाच, पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर लिही, मग ताडून पाहा. राहिलेले लाल शाईने भर. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. पुनःश्रुत ते हेच, म्हणजे विसरल्याचा थोडा भाग कानी पडताच उरलेला आठवणे.

सत्त्वानुबंध म्हणजे मनाचे विषयाशी जोडलेले राहणे. शेजारी मोबाइल ठेवून हे साधत नाही, एवढे सांगून पुढे जातो. ज्ञानयोगाचा अर्थ या वयात विषय समजून घेणे एवढाच घ्यावा. त्यासाठी विमानस्थानात अध्ययन व अध्यापनाबरोबर ज्ञानाचा उपाय म्हणून सांगितलेली तद्विद्यसंभाषा फार कामाची आहे. मुलाने रोज एक प्रश्न धाकट्या भावंडास किंवा आजीस समजावून सांगावा. आजीला समजले नाही तर त्याला स्वतःलाही समजलेले नाही.

निद्रा व आहार

सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात बल, पुष्टी व ज्ञान ही निद्रेवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे आणि रात्रीचे जागरण रूक्ष म्हटले आहे. रूक्ष म्हणजे वातवर्धक. ज्या दोषाने भय व विस्मृती येते तोच दोष आपण रात्री दोनपर्यंत जागून वाढवितो, हे मुलास या भाषेत सांगितले तर पटते, असा आमचा अनुभव आहे. किमान सात तास झोप हवी, आठ असल्यास उत्तम. शिशिर सरून वसंत लागण्याचा हा काळ असल्याने दुपारी आडवे होऊन झोपणे टाळावे. कफ वाढून पुढचे दोन तास जडत्वात जातात. फार थकवा असल्यास बसल्या जागी थोडी डुलकी घ्यावी. शास्त्राने बसून घेतलेली झोप ना रूक्ष, ना अभिष्यंदी म्हटली आहे.

सकाळच्या सत्राचा पेपर ११ वाजता सुरू होतो, विद्यार्थ्याला साडेदहापर्यंत दालनात बसावे लागते आणि तीन तासांचा पेपर २ वाजून १० मिनिटांनी संपतो. सुरुवातीस प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी दिली जाणारी दहा मिनिटे २०२३ पासून वेळेच्या अखेरीस मिळतात, हेही मुलास ठाऊक असावे. अखेरची दहा मिनिटे आहेत हे माहीत असणे हेही एक आश्वासनच. या वेळापत्रकात मूल सकाळी नऊच्या सुमारास जेवलेले असावे. मऊ भात, मुगाचे वरण, तूप, किंवा रोजची पोळी-भाजी. आदल्या रात्री हॉटेलचे पदार्थ, सकाळी साबुदाणा किंवा नवा ‘पौष्टिक’ पदार्थ असले प्रयोग नकोत. नवस म्हणून मुलासच उपवास घडविणारी घरेही आम्ही पाहिली आहेत. नवस आईने करावा, मुलाने जेवावे.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. परीक्षा केंद्रावरील स्वच्छतागृह चांगले नसेल या भीतीने अनेक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत किंवा मूत्रवेग धरून बसतात. मूत्रवेगधारणाच्या लक्षणांत शिरःशूल सांगितला आहे. पेपरच्या दुसऱ्या तासाला डोके धरणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे जरूर विचारावे. त्याच संदर्भात, पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या या दिवसांत काउंटरवरून सहज मागितल्या जातात. त्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

औषधविचार

मेध्य रसायने म्हणून चरकाने चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात चार द्रव्ये सांगितली : मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टिमधूचे चूर्ण दुधासह, गुडूचीचा स्वरस व शंखपुष्पीचा कल्क. त्यांत शंखपुष्पी विशेष मेध्य. मात्र ही रसायने आहेत. रसायनाला काळ लागतो. ब्राह्मीच्या, म्हणजे बकोपा मोन्निएरीच्या सत्त्वावर ऑस्ट्रेलियात झालेले जे दोन अभ्यास २००१ व २००२ साली प्रसिद्ध झाले, त्यांतील परिणाम सुमारे तीन महिन्यांच्या सेवनानंतर मोजलेले आहेत. तेही प्रौढांत. मुलांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तात्पर्य, ज्याला मेध्य रसायन द्यावयाचे त्याला दिवाळीच्या सुटीत, अग्नी पाहून सुरू करावे. फेब्रुवारीत सुरू केलेल्या ब्राह्मीचा फेब्रुवारीतील पेपरला उपयोग होईल असे पालकांस सांगणे योग्य नाही. रिकाम्या पोटी ब्राह्मी घेतल्यास काहींना मळमळ होते व मल पातळ होतो, हे भयज अतिसाराच्या मुलाबाबत विशेष लक्षात ठेवावे.

परीक्षा तोंडावर असताना आम्ही पुढील मर्यादा पाळतो. अखेरच्या पंधरवड्यात कोणताही नवा कल्प नाही. यष्टिमधू १ ग्रॅम कोमट दुधातून काही आठवडे चालते, दीर्घकाळ नाही, कारण त्याने रक्तदाब वाढू शकतो. नाकात गाईच्या तुपाचे दोन-दोन थेंब, प्रतिमर्श मात्रेत. जटामांसी व तगर यांनी सकाळी जडत्व येत नाही ना हे पाहूनच द्यावीत. सर्पगंधा या कामी कधीही वापरू नये. ती रक्तदाब उतरविते आणि विषाद वाढवू शकते. शिरोधारा उत्तम उपक्रम आहे, पण तिला मे महिना मोकळा असतो. दीर्घ श्वास सोडणे व भ्रामरी रोज पाच मिनिटे, तेही महिनाभर आधीपासून, म्हणजे दालनात बसल्यावर शरीराला ते परके वाटणार नाही.

सुवर्णप्राशनाविषयीही विचारणा होते. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात ते शिशूंसाठी सांगितले आहे. दहावीच्या मुलास पुष्य नक्षत्रावर रांगेत उभे करण्यास त्या अध्यायाचा आधार मिळत नाही.

औषधालयाच्या काउंटरवर

औषधविक्रेते बंधूंना येथे आमच्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व आहे, कारण बहुतेक पालक प्रथम त्यांच्याकडेच जातात. स्मृतिसागर रस या कल्पाचे नावच घात करते. तो अपस्माराच्या अधिकारातील असून त्यात पारद, गंधक, हरताल, मनःशिला व ताम्रभस्म आहे. हरताल व मनःशिला ही सोमलाची संयुगे होत. ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई(१)’ अनुसूचीत येतात आणि अशा कल्पाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना असावी लागते. परीक्षेसाठी म्हणून तो चिठ्ठीशिवाय कोणी मागितल्यास नाही म्हणावे. ब्राह्मीवटीचेही पाठ अनेक आहेत, काही केवळ काष्ठौषधींचे, काही खनिजयुक्त. डबी उलटून घटक वाचल्याशिवाय ती पुढे सरकवू नये.

दुसरी गोष्ट द्रव्यनिश्चितीची. ब्राह्मी म्हणून कोठे बकोपा मोन्निएरी, तर कोठे सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णी विकली जाते. शंखपुष्पी म्हणूनही कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस व इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस या दोन्ही वनस्पती बाजारात येतात. खरेदी करताना वनस्पतिनाम असलेल्या वेष्टनासच प्राधान्य द्यावे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. शंखपुष्पीचे सिरप देण्यापूर्वी मुलाला आकडी येते का व त्यासाठी कोणती गोळी चालू आहे, हे विचारावे. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांत असे सिरप सुरू केल्यावर आकडीवरील नियंत्रण सुटल्याचे आढळले आणि त्यावरून केलेल्या, १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्राणिप्रयोगांत त्या सिरपमुळे रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटल्याचे दिसले. ‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य काउंटरवर उच्चारण्यापूर्वी एवढे स्मरणात ठेवावे.

कोणास पुढे पाठवावे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. प्रत्येकामागे परीक्षाच होती असे नाही. पण यांतील काही मुले त्यापूर्वी कोणत्या ना कोणत्या वैद्याकडे डोकेदुखी, अनिद्रा किंवा अरुची घेऊन गेली असतील, हा विचार आम्हांस स्वस्थ बसू देत नाही. बारावीच्या एका मुलास त्याचे वडील शिरःशूलासाठी घेऊन आले होते. वडील बाहेर गेल्यावर मुलगा सहज म्हणाला की, आता कशातच मन लागत नाही, आपली क्रिकेटची बॅट धाकट्या भावाला देऊन टाकली. आम्ही त्यास सरळ विचारले, जगू नये असे वाटते का? त्याने मान हलविली. त्याच दिवशी, घरच्यांचा रोष पत्करून, त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठविले व तोवर एकटे न ठेवण्याविषयी वडिलांस बजावले. तो मुलगा पुढील वर्षी परीक्षेस बसला. असा थेट प्रश्न विचारल्याने मुलाच्या मनात नको तो विचार शिरेल ही भीती निराधार आहे; उलट विचारल्याने त्यास मोकळे होता येते. सर्व काही निरवानिरव करणे, एकदम एकटे राहू लागणे, झोप व जेवण सुटणे, मरणाचे उल्लेख, यांतील काहीही दिसल्यास सत्त्वावजयाचे धडे बाजूस ठेवून त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ हा तिचा क्रमांक आहे. तो चिकित्सालयाच्या भिंतीवर व औषधालयाच्या काउंटरवर, मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावावा.

निकालाच्या आदल्या आठवड्यात या मुलांच्या पालकांना आम्ही पुन्हा एकदा बोलावतो. दहावी-बारावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत, जून-जुलैच्या सुमारास होते, म्हणून वर्ष वाया जातेच असे नाही, हे त्यांना त्या वेळी सांगतो आणि ते मुलाला निकालापूर्वीच, नेहमीच्या आवाजात सांगावे अशी विनंती करतो.